तिन्हीकडे हिरवं

ज्या माणसाला मी भर चौकात शिव्या घालत होते, तोच माझ्या शेजारी उभा राहून त्या शिव्यांत भर घालत होता. आमची ओळख झाली ती अशी.

भादव्याचा पाऊस होता. यवतमाळच्या दत्त चौकातली चहाची टपरी, वर फाटकी ताडपत्री, अन् तिच्याखाली अंग चोरून उभे असलेले आम्ही आठदहा लोक. मी फोनवर माझ्या मैत्रिणीपाशी, राखीपाशी, मन मोकळं करत होते.

"काय सांगू माय तुले! कोण्या भैताडानं टेस्ट लिहिली अन् स्वतःचं काम झाल्यावर सगळा पसारा तसाच टाकून गेला. जेवून उठावं अन् ताट तिथंच ठेवावं, तसा. माझी टेस्ट त्याच्या पसाऱ्यात अडकून पडली. आता सकाळपासून जो तो मलेच विचारून राह्यला, रुपाली, तुझी टेस्ट लाल काहून?"

फोन ठेवला, तर बाजूनं आवाज आला, "बरोबर आहे तुमचं. अशा माणसाले तं चहाच नाही देल्ला पाहिजे."

मी वळून पाहिलं. उंच, सावळा, कपाळावर चिकटलेले ओले केस... आणि दोन्ही हातांत एकेक कप.

"नाही तं काय!" मला तेवढाच आधार मिळाला. "वर स्वतःचं नाव बी टाकून ठेवलं शहाण्यानं. लखन म्हणे."

"लखन? नावावरूनच आळशी वाटते."

"आळशी नाही, लाडावलेला. ज्याच्या मागं आवरायले माय असते ना, तो असाच वाढते."

तो हसला. असं हसू, की ताडपत्रीवरून मानेवर पडणारं पाणीसुद्धा मला क्षणभर जाणवलं नाही. दुसरा कप त्यानं माझ्यापुढं धरला. "घ्या. राग आला की माणसाले साखर लागते."

मी घेतला. फुकटच्या चहाला नाही म्हणायची आमच्या बोरी अरबात पद्धत नाही. पंधरा मिनिटांनी ऑफिसचा जिना चढून गेले, तर भारत सर, म्हणजे आमचे साहेब, एका ओल्या माणसाला माझ्या समोरची खुर्ची दाखवत होते. "हे लखन आडे. पुण्याहून आले. आठवडाभर घरून काम केलं, आजपासून इथंच बसतील."

"पसारा आवरतो मॅडम," तो खाली मान घालून म्हणाला, "ताट बी उचलतो."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आमचं काम काय ते सांगून टाकते. नाही तर माझ्या मायसारखं तुम्हीही म्हणाल, पोरगी दिवसभर काळ्या खिडकीत पाहत बसते. ती काळी खिडकी म्हणजेच कमांड शेल. तिथं माऊस-बिऊस काही नाही, हुकूम टाइप करायचा आणि कॉम्प्युटरनं मुकाट ऐकायचं. आमच्या वाट्याला आलेला शेल विंडोज, लिनक्स आणि मॅक, तिन्हीवर सारखाच चालला पाहिजे, ही त्याची शान. आणि तो तसा चालतो की नाही, हे रोज सकाळी आपोआप तपासणाऱ्या टेस्टा लिहायच्या, हे आमचं पोट. टेस्ट म्हणजे तरी काय? असा हुकूम दिला, तर असं उत्तर आलं पाहिजे. आलं की हिरवं, नाही आलं की लाल. एकाच मशीनवर हिरवं आणून नाचणाऱ्याला आमच्याकडे कोणी विचारत नाही. तिन्हीकडे हिरवं आलं तरच काम झालं.

कंपनी नागपूरची, एक शाखा पुण्यात, आणि आमचं ऑफिस यवतमाळात एका कृषी केंद्राच्या वर. जिन्यात कायम फवारणीच्या औषधाचा वास. मशीन भरपूर, पण मॅक बिचारा एकच, खिडकीजवळच्या टेबलावर. ज्याला त्याला तो पाहिजे. लखनला आणि मला तर तो नेमका एकाच वेळी पाहिजे असायचा.

"तुझं झालं का?" मी मागं उभी.

"झालंच."

"हे 'झालंच' मी मघापासून ऐकून राह्यली."

"मंग बस ना बाजूले. मॅकच्या पुढं दोन खुर्च्या मावतात."

"मले तुझ्या खुर्चीवरच बसायचं आहे."

"बापरे! पहिल्याच महिन्यात?"

मी पेन फेकून मारला. तो त्यानं झेलला, कानावर ठेवला, आणि पुढं दिवसभर तसाच फिरला.

आमच्या प्रत्येक टेस्टच्या डोक्यावर एक वाक्य लिहावं लागतं, ही टेस्ट काय तपासते ते. एका पावसाळी दुपारी माझ्या मशीनवर मला मी न लिहिलेलं वाक्य सापडलं. *पाऊस असला की रुपाली चहाले नाही म्हणत नाही.* चालवून पाहिलं, तर हिरवं. मी त्याच्या मशीनवर लिहून आले, *लखन स्वतःचा कप स्वतः धुते.* आणि मुद्दाम असं लिहिलं, की दर वेळी लालच यावं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर तो बेसिनपाशी उभा राहून सगळ्या ऑफिसचे कप धूत होता. मला ऐकू जाईल असं भारत सरांना म्हणाला, "काय करू सर, लाल पाहवत नाही मले."

किती हसले मी! हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. पाऊस ओसरला होता, खिडकीतून ऊन मॅकवर पडलं होतं, आणि लखननं मला हाक मारली. नेहमीची नाही... जरा दबकी.

"हे अडकलं पाय बरं."

काळ्या खिडकीत एकच ओळ होती. *रुपालीले लखन आवडते.* खाली, *हो की नाही?* आणि त्यापुढं कर्सर लुकलुकत होता.

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आवाज मात्र मी मास्तरणीचा काढला. "टेस्ट कधी थांबून विचारत असते का? ती आपोआप चालली पाहिजे. येवढं बी नाही माहीत?"

"माहीत आहे," तो स्क्रीनकडे पाहत म्हणाला. "पण ह्या प्रश्नाचं उत्तर मले आपोआप नाही पाहिजे. तुझ्या हातानं पाहिजे."

मी वाकले. माझी वेणी त्याच्या खांद्यावर पडली, ती मी उचलली नाही. 'हो' टाइप केलं. हिरवं.

"विंडोजवर बी चालवून पाय," तो हळूच म्हणाला.

चालवली.

"अन् लिनक्सवर?"

"तिथं काय येगळं उत्तर येणार आहे, येड्या?"

"तरी."

तिथंही चालवली. तो खुर्चीत मागं रेलला आणि दोन्ही हात डोक्यामागं घेऊन म्हणाला, "तिन्हीकडे हिरवं." त्या दिवशी माझ्याएवढं सुखी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

दसऱ्याला आम्ही घरचे सगळे दीक्षाभूमीला जाऊन आलो. परतल्यावर बाबांनी मला अंगणात बोलावलं. माझे बाबा, धर्मपाल भगत, एस.टी.त कंडक्टर होते. आयुष्यभर घंटीच्या दोरीला हात, त्यामुळे बोलणं थोडकं.

"वर्ध्याचं स्थळ आलं. धम्मदीप नाव आहे पोराचं. बँकेत आहे, मानसं चांगले आहेत. पण आधी तुले विचारतो. तुह्या मनात कोणी आहे का?"

मायनं, कांताबाईनं, सुपातलं निवडणं थांबवलं. मी सांगून टाकलं. लखन आडे, फुलसावंगीच्या पुढच्या तांड्यावरचा. बंजारा.

बाबा म्हणाले, "असू दे. मानूस चांगला आहे ना? मले एकच गोष्ट पाहिजे. त्याचे मायबाप आपल्या समोरच्या दारातून घरात आले पाहिजे, चार लोकायच्या देखत. माझी पोरगी कोणाच्या घरी मागच्या दारानं जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी लखनला जसंच्या तसं सांगितलं.

"येवढंच?" तो म्हणाला. "दिवाळीले गेलो की सांगतो. याडी माझ्या शब्दाबाहेर नाही." याडी म्हणजे त्यांच्या गोरबोलीत आई. तो हा शब्द उच्चारायचा तेव्हा त्याचा चेहरा लहान पोरासारखा व्हायचा, आणि मला ती न पाहिलेली बाई आपलीच वाटायची.

दिवाळी झाली. तो परत आला तो हातात स्टीलचा डबा घेऊन. मी जिन्यातच गाठलं.

"सांगतलं?"

"आधी तोंड गोड कर." त्यानं डबा उघडला. आत गूळ, मऊ, पिवळाधमक. "याडीनं देल्ला."

"म्हणजे... हो?"

"तू खाऊन तं पाय. कडू आहे का?"

त्यानं खडा मोडून माझ्या तोंडापाशी धरला. औषधाच्या वासाच्या त्या जिन्यात मी त्याच्या बोटांनी गूळ खाल्ला. बोटं थंड होती. डोळे त्यानं दुसरीकडे फिरवले होते, आणि मला वाटलं, लाजला. तो 'हो' म्हणालाच नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

डबा मी बोरीला नेला. बाबांनी गूळ बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवला, हात जोडले, मग एक खडा स्वतः खाल्ला, एक मायला दिला. संध्याकाळी वर्ध्याला फोन लावला. "नाही जी, वाईट वाटून घेऊ नका. पोरीसाठी दुसरीकडून गूळ आला आमच्या घरी," असं म्हणाले. माझ्या बाबांना मी फोनवर इतकं नरम बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मग त्याचे मायबाप येण्याचे रविवार सुरू झाले. पहिल्या रविवारी लखनच्या याडीचे टोंगळे, म्हणजे गुडघे, दुखत होते. पुढच्या रविवारी कापूस वेचायला बाया आल्या होत्या. त्याच्या पुढच्या वेळी तूर सोंगायची होती. दर रविवारी बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून समोरच्या खोलीत बसायचे. शेजारून आणलेल्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. माय पुरणाची डाळ भिजवायची, आणि सोमवारी आम्ही तिचं वरण खायचो. गल्लीतल्या बाया विचारायला लागल्या, "काहून वो कांताबाई, पाव्हने आलेच नाही?" पुढं पुढं बाबांनी विचारणं सोडलं. सदरा मात्र सोडला नाही.

"याडीचा नंबर दे. मी बोलते," मी लखनला म्हणायची.

"तांड्यावर रेंज नसते ना, रुपा."

"मग मी येते तुझ्यासंगं."

"येवढी काहून घाई करून राह्यली? येतात ना ते."

संक्रांत होऊन गेली, आणि एका सकाळी भारत सरांनी मला बोलावलं. चेहरा उतरलेला. हा शेल ज्यांचा, त्या परदेशातल्या लोकांचं पत्र आलं होतं. शेलचा एक हुकूम मॅकवर चालतच नाही, कितीतरी दिवसांपासून नाही, आणि आमच्या टेस्टा मात्र रोज तिन्हीकडे हिरव्या. "लखनच्या आहेत. तू एकदा पाहून घे," सर म्हणाले.

पाहायला घेतलं, तर हात कपाळाला गेला. आमच्यात मॉक म्हणून एक प्रकार असतो. कधी खऱ्याला विचारणं शक्य नसतं, नेट बंद असतं, समोरचं मशीन बंद असतं. तेव्हा खऱ्याच्या जागी एक खोटा उभा करायचा आणि त्याला पढवून ठेवायचं, की विचारलं तर असं असं म्हण. त्यात गैर काही नाही, आम्ही सगळेच करतो. पण जे तपासायचं तेच उठवून तिथं खोटा बसवायचा नसतो. लखननं नेमकं तेच केलं होतं. टेस्ट खोट्याला विचारत होती, खोटा पढवलेलं सांगत होता, आणि आम्ही रोज हिरवं पाहून चहाला जात होतो.

"हे काय करून ठेवलं?" मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली.

"अरे, ते!" तो हसला. "मॅकवर लाल येऊन राह्यलं होतं. लय डोकं फोडलं. मग म्हटलं, सध्या असू दे, नंतर पाहू."

"अन् खऱ्याले विचारणंच सोडून देल्लं?"

"लाल पाहवत नाही मले. तुले तं माहीत आहे."

हो, मला माहीत होतं. त्या वाक्यावर मी हसले होते. आता नाही हसले. खुर्ची ओढून मी त्याच्या समोर बसले.

"लखन, तू याडीले विचारलं ना?"

"गूळ नाही आणला का म्या?"

"मी गुळाचं नाही विचारून राह्यली. विचारलं का?"

"येवढ्या चांगल्या सकाळी कायले डोकं खराब करतं? पुढच्या रविवारी येतात ना ते." आणि त्यानं कानावरचा पेन काढून माझ्यापुढं धरला. लाडीगोडी लावायची ती त्याची रीत होती. मी पेन घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि एकटी उमरखेडच्या बसमध्ये बसले. आर्णी गेलं, महागावला उतरले, तिथून फुलसावंगीची गाडी, मग ऑटो. दोन्हीकडे उभ्या पऱ्हाट्या, बोंडं वेचून झालेली, आणि मधेमधे गव्हाचं हिरवं. सारखं मनात येत होतं, माझंच डोकं फिरलं आहे. त्याच्या आईनं मला पाहून मिठी मारली, तर कुठल्या तोंडानं सांगू की तुमच्या पोरावर संशय घेऊन आले?

तांड्यावर घर लगेच सापडलं. ओसरीत एक बाई तूर पाखडत होती, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, चेहरा लखनचाच.

"आव छोरी, बेस," लखनची याडी मानीबाई म्हणाल्या. पाण्याचा तांब्या दिला. मी लखनच्या ऑफिसातली, म्हटल्यावर त्यांचं तोंड उजळलं. "असं काय! इकडं कामानं आली का? माहा लखन बरा हाये ना? जेवते का येळेवर?" तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. चांगला खणखणीत. कुणाशी तरी हसून बोलल्या, ठेवला. रेंज उत्तम होती.

मग सूप बाजूला सारून त्यांनी विचारलं, "अन् गूळ भेटला का तुमाले?"

"गूळ?"

"दिवाळीले लखनचा गूळ वाटला ना! नायकासमोर, साऱ्या तांड्यासमोर. आमच्यात गूळ खाल्ला की सोयरीक पक्की, मंग शब्द फिरत नाई. म्या डबा भरून देल्ला त्याच्यापाशी. म्हटलं, तुह्या ऑफिसातल्या लोकायचं बी तोंड गोड कर. भेटला का?"

ओसरीतला उजेड एकदम जास्त झाला, की माझ्या डोळ्यांना काही झालं, कोण जाणे.

"भेटला, मावशी."

"गोड होता का?"

"होता," मी म्हणाले. "लय गोड होता."

त्यांनी मोबाईलवर पोरीचा फोटो दाखवला. ममता नाव. टिकली जरा वाकडी, हसताना तोंडावर हात. लग्न होळी झाली की. मी फोटोकडे पाहत राहिले. रागावण्यासारखं त्या तोंडावर काहीच नव्हतं.

"मावशी... लखनले विचारलं होतं का आधी?"

"इचारलं नाई तं! त्याचा बाप, डोंगरसिंग, कडक हाये. पन म्या म्हटलं, शिकलेलं लेकरू हाये, आधी इचारा. दिवाळीच्या दिवशी बापानं जवळ बसवून इचारलं, 'तुह्या मनात कोनी असन तं आत्ताच सांग. कोनाची बी असो, आपून जाऊ तिच्या दारी. गूळ वाटल्यावर मंग मले सांगू नोको.'" त्या हसल्या. "तं म्हने, नाई. कोनीच नाई."

आपून जाऊ तिच्या दारी. माझे बाबा इस्त्रीचा सदरा घालून ज्याची वाट पाहत होते, ते शब्द ह्या ओसरीत बोलले गेले होते, आणि लखननं मान हलवून नाही म्हटलं होतं.

सांगून टाकावं, असं वाटलं. जिभेवर आलं होतं. पण त्या वाकड्या टिकलीच्या पोरीनंही तोच गूळ खाल्ला होता, आणि तिला कुणी सांगणार असेल तर त्यानं सांगायला पाहिजे होतं, मी नाही. मानीबाई चहा टाकायला उठल्या. मी नको म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा चहाला नको म्हणाले.

यवतमाळच्या स्टँडवर उतरले, तेव्हा लखन फलाटावर उभा होता. याडीनं फोन करून सांगितलंच होतं, तुमच्या ऑफिसातली गोड पोरगी येऊन गेली म्हणून.

"रुपा, ऐक ना..."

"बापानं विचारलं तेव्हा नाही म्हणाला?"

"बापू असे समोर बसले होते... तोंडातून निघून गेलं. म्हटलं, उद्या सांगतो. तं दुसऱ्या दिवशी नायकच आले, गूळ आला..."

"अन् तोच गूळ मले चारला?"

"डबा हातात होता. तू अशी पाहून राह्यली होती माझ्याकडं..." त्याचा आवाज फाटला. "तुझ्या तोंडावर मले नाही म्हणता नाही आलं."

"वा रे वा! तुले कोणालेच नाही म्हणता येत नाही. कपालेसुद्धा नाही. साऱ्या दुनियेत एकदाच नाही म्हणाला, अन् ते माझ्या वेळेले?"

लोक वळून पाहायला लागले. पाहू दे. आमची सुरुवातही चौकातच झाली होती.

"पळून जाऊ," तो म्हणाला. "पुण्याले. आत्ता, ह्याच बसनं."

"मागच्या दारानं?"

त्यानं हात पुढं केला. मी धरला नाही.

"ऐक," मी म्हणाले, आणि माझा राग कुठं गेला मला कळलं नाही, मी चक्क विनवणी करत होते. "आत्ता परत जा. याडीले, बापूले, त्या ममतेले खरं सांग. लाल येईल. शिव्या पडतील, मार पडेल. पडू दे. माझे बाबा तुझ्या मागं उभे राहतील, मी उभी राहीन. फक्त एकदा खऱ्याले विचार, लखन."

फुलसावंगीकडची गाडी समोरच्या फलाटावर लागली होती. कंडक्टर ओरडत होता. लखन गाडीकडे पाहत राहिला, मग आपल्या चपलांकडे. मी थांबले. खोटं कशाला बोलू, जीव मुठीत धरून थांबले. गाडी भरली, घंटी वाजली, गाडी गेली. तो फलाटावरच होता.

"नंतर सांगतो ना, रुपा," तो म्हणाला. "जरा वातावरण पाहून."

मी बोरीवरून जाणाऱ्या दारव्ह्याच्या बसमध्ये चढले.

घरी सांगितलं. मायनं तोंडाला पदर लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरात गेले. डब्याच्या तळाशी थोडा गूळ अजून होता, मायनं सणासाठी राखलेला. तो त्यांनी गाईपुढं ठेवला, डबा स्वतः घासला, पुसला, आणि माझ्या हातात दिला.

"परत करून देजो. दुसऱ्याचं भांडं घरात ठेवू नये."

रविवारी ते सदरा न घालता खुर्च्या शेजारी पोचवून आले. येताना गल्लीतल्या कुणी काही विचारलं, तर म्हणाले, "आम्हीच नाही म्हटलं." आयुष्यभर कुणाला खोटं तिकीट न फाडलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. लखनची कुठलीही गोष्ट मी एखादे वेळी माफ करीन, ही नाही.

लखननं पुण्याला बदली मागून घेतली. डबा मी त्याच्या टेबलावर ठेवला होता. एका सकाळी टेबल रिकामं होतं, डबाही नव्हता. या खेपेला पसारा काही ठेवला नव्हता, एवढं मात्र खरं.

निदान मला तसं वाटलं. होळीनंतर एकदा भारत सर म्हणाले, "रुपाली, यादीत ही एक नुसत्या नंबरची टेस्ट कोणाची? रोज तिन्हीकडे हिरवी येते, पण तपासते काय, ते समजत नाही."

मी उघडली. *रुपालीले लखन आवडते.*

दसऱ्यापासून त्यानं ती रोजच्या टेस्टांत घालून ठेवली होती. रोज सकाळी त्या आपोआप चालतात, उत्तर द्यायला कुणी बसलेलं नसतं. म्हणून त्यानं खाली एक मॉक लावला होता. विचारलं की, हो म्हण. म्हणजे एवढे महिने दर सकाळी, तिन्ही मशीनवर, माझ्या वतीनं कुणीतरी हो म्हणत होतं. मी बाबांच्या सदऱ्याकडे पाहत असताना, तांड्याच्या ओसरीत बसले असताना, स्टँडवर उभी असताना, मला न विचारता.

मी मॉक काढला. टेस्ट चालवली. ती थांबली.

*हो की नाही?*

कर्सर लुकलुकत राहिला. त्या दिवशीसारखंच ऊन मॅकवर पडलं होतं. उत्तर मला येत होतं, आणि ते बदललं नव्हतं. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर येऊन गेला होता, तरी बदललं नव्हतं. संताप येतो तो ह्याचा. त्याच्यावर आला असता तर सोपं होतं. दोन बोटं कीबोर्डवर ठेवून मी तशीच बसून राहिले, कारण 'हो' लिहिलं तर हिरवं येणार होतं आणि 'नाही' लिहिलं तर ते खोटं झालं असतं, आणि खोटं लिहून हिरवं-लाल करायचा मला आता वीट आला होता.

"रुपाली," भारत सरांनी पलीकडून विचारलं, "रन अडकला का?"

"हो सर. एक टेस्ट उत्तराची वाट पाहून राह्यली."

"मग बंद कर ना तिले. तिच्यापायी बाकीच्या खोळंबल्या."

मी कंट्रोल आणि सी एकदम दाबलं, काळ्या खिडकीत त्यानं चालू काम तिथंच तुटतं. कर्सर गेला. फाइल पुसून टाकली आणि रन पुन्हा सुरू केला. बाकीच्या टेस्टा एकामागोमाग चालू लागल्या.